वादळाची साडेनऊ मिनिटं

तिसऱ्या मजल्यावरची वादळ जिना उतरायला लागली की पहिल्या मजल्यावरची माणसं आपोआप भिंतीला चिकटतात. पिशवी, छत्री, पाण्याची बाटली, घाईत लावायचं राहिलेलं एखादं बटण, असं सगळं एकदम खाली येतं, आणि कोणी वाटेत सापडलंच तर "सरका, सरका" हे त्याला सरकून झाल्यावर ऐकू येतं. हे नाव तिला कोणी ठेवलं याबद्दल दोन मतं आहेत. तळमजल्यावरचा शिंपी म्हणतो, मीच. ती म्हणते, कामावर पडलं. शिंप्याचं ऐकायचं तर गल्लीतल्या निम्म्या लोकांची नावं त्यानेच ठेवलीत, आणि उरलेल्यांना तो अजून मुदत देतोय.

वय चोपन्न. नोकरी म्हाताऱ्या माणसांच्या सेवागृहात, मावशीची. बहात्तर खाटा, तीन मजले, आणि प्रत्येक खाटेवर असं एक माणूस की ज्याचं घर आता त्याच्यावाचून नीट चाललेलं असतं. मावशीने त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, भरवायचं, कूस बदलायची, आणि शेवटच्या खाटेपर्यंत पोचलं की पहिल्या खाटेवरून हाक आलेलीच असते. बावीस वर्षं हे चाललंय. या बावीस वर्षांत तिने मिरवण्यासारखी एकच गोष्ट कमावली, ती म्हणजे वेग. अकरा मिनिटांत अंघोळ. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, तिथून न्हाणीघरात, साबण, पाणी, पुसणं, कपडे, परत खुर्ची. अकरा. हा आकडा तिने दुकानाच्या रांगेत सांगितलाय, बसथांब्यावर अनोळखी बायकांना सांगितलाय, आणि दातांच्या डॉक्टरला तर तोंडात त्याची हत्यारं असताना सांगायचा प्रयत्न केलाय.

अशा बाईला नवरा मिळाला तो बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. त्याच्या बसबद्दल लोक सांगतात की एका थांब्यावर उतरायचं, भाजी घ्यायची, आणि चालत जाऊन पुढच्या थांब्यावर तीच बस पकडायची. ड्रायव्हर हे नाकारत नाही. "पण कोणाचं डोकं आपटलं का कधी?" एवढंच तो विचारतो, आणि चहाचा पुढचा घोट घ्यायला निघतो. घोट पोचेपर्यंत वादळचं जेवण, भांडी आणि दोन फोन झालेले असतात.

गेली दीड वर्षं मात्र या वादळाचा उजवा खांदा कामातून गेलाय. माणसं उचलून उचलून तो असा आखडला की हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तिने विचारलं, किती मिनिटं? डॉक्टरांना ती चेष्टा वाटली. तेव्हापासून सकाळी तिचे केस विंचरून अंबाडा घालायचं आणि गणवेशाच्या बाहीत हात घालून द्यायचं काम ड्रायव्हरकडे आलं. त्याला याला वीस मिनिटं लागतात. ही वीस मिनिटं ती समोरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसते, आणि त्याला ऐकवत राहते. अहो, केस विंचरताय की मोजताय. अहो, सिग्नल सुटलाय. तो "हं" म्हणतो आणि गुंता खालून सोडवत वर येतो. सव्वीस वर्षं प्रवाशांचं ऐकलेला माणूस, त्याला बायकोचं काय.

तर समितीची गोष्ट अशी.

सेवागृहातून वर्षभरात चौदा माणसं सोडून गेली. कोणाची पाठ गेली, कोणाची सहनशक्ती गेली, एक जण तर दुपारच्या चहाला म्हणून गेला तो अजून चहा पितोय. सकाळच्या पाळीला आठ माणसं हवीत तिथे सहा यायची, कधी पाच. मग सहाचं काम पाचांनी ओढायचं आणि पाचातल्या एकाने दुसऱ्या दिवशी आजारी पडायचं. युनियनने पाट्या धरल्या, व्यवस्थापनाने नोटिसा लावल्या, आणि पाट्या आणि नोटिसा दोन्ही एकाच भिंतीवर सुकत राहिल्या. अशात एका सकाळी व्यवस्थापक साहेबांनाच चादरी बदलाव्या लागल्या. हा चाळिशीचा, चष्म्याचा, स्वभावाने बरा माणूस. प्रत्येक गोष्टीचा तक्ता करतो म्हणून कामगारांत त्याचं नाव तक्तासाहेब. तीन चादरी झाल्यावर तो चौथ्या खाटेवर बसला तो उठेचना. युनियनची सेक्रेटरी, म्हणजे धुलाईखात्यातली मशीनवाली बाई, मळक्या चादरी न्यायला आली होती. ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली म्हणतात, की साहेब, भांडून झालं, आता एकदा मोजून बघू या का. गोष्ट ऐकीव आहे, पण शिंप्याकडची नाही, तेव्हा खरी धरायला हरकत नसावी.

अशी ती संयुक्त समिती झाली. तीन माणसं व्यवस्थापनाची, तीन कामगारांची. कामगारांकडून सेक्रेटरी, वादळ, आणि तिच्याच मजल्यावरचा पैलवान. हा नावाचाच पैलवान, कमरेला बारा महिने पट्टा. ठरवायचं होतं ते एकच: सकाळच्या पाळीला एका माणसाकडे किती खाटा द्यायच्या. हा आकडा एकदा ठरला की तो लिहून भिंतीवर लागणार, त्याच्या हिशोबाने माणसं भरणार, आणि कोणी गैरहजर असलं तरी त्याहून जास्त खाटा कोणाच्या गळ्यात मारायच्या नाहीत. युनियन म्हणत होती आठ. मालक म्हणत होते, सिद्ध करा. म्हणून नियम ठरला की ओरडून आकडा ठरवायचा नाही. आठवडाभर प्रत्येक काम घड्याळ लावून मोजायचं, एक घड्याळ साहेबांचं, एक सेक्रेटरीचं, आणि प्रत्येक आकड्याखाली दोघांची सही. सही झाली की तो आकडा दोघांना बंधनकारक.

सेक्रेटरीने सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं. नाटक करू नका, मुद्दाम रेंगाळू नका, रोज करता तसंच करा. आपलं खरं आहे, खऱ्याने निभेल.

पण माणसाच्या मागे कोणी घड्याळ घेऊन उभं राहिलं आणि त्यात बावीस वर्षांची अब्रू पणाला लागली की रोजच्यासारखं कोण करतंय? पहिल्याच दिवशी पैलवानाने नव्वद किलोच्या आजोबांना एकट्याने उचलून खुर्चीत ठेवलं. नियमाने तिथे दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस येईपर्यंत सहा मिनिटं थांबावं लागतं. पैलवान थांबला नाही. साहेबांनी कौतुकाने मान हलवली, सेक्रेटरीने डोळे वटारले, आकडा लागला, सह्या झाल्या. नंतर पैलवान चादरींच्या खोलीत अर्धा तास पालथा पडून होता, तो अर्धा तास कोणी मोजला नाही.

वादळचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. खाट सातवरचे मास्तर. हे शाळामास्तर होते, तीन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळायला लागलं. एक शब्द यायचा, मग नुसतं तोंड उघडं, मग फार वेळाने दुसरा शब्द. वादळ निघाली ती अशी निघाली की खुर्चीची चाकं जमिनीला लागली की नाही शंका यावी. साहेब आणि सेक्रेटरी घड्याळं घेऊन मागून धावत होते. न्हाणीघरात मास्तरांनी नेहमीसारखं तोंड उघडलं. "पाणी..." आणि तिने नेहमीसारखं म्हटलं, "झालंच मास्तर, झालंच," आणि तोपर्यंत खरोखरच झालेलं होतं. मास्तर परत खुर्चीत, केसांत भांगसुद्धा. दोन्ही घड्याळं सारखी होती. साडेनऊ मिनिटं.

त्या दिवशी जिना चढताना तिने पहिल्या मजल्यापासूनच सांगायला सुरुवात केली. अकराचे साडेनऊ. तेही आखडलेल्या खांद्याने. शिंप्याने पेढे मागितले.

पुढच्या सोमवारी समिती बसली. तक्तासाहेबांनी तक्ता मांडला, चष्मा पुसला, परत तक्ता बघितला. सकाळची पाळी, मधली विश्रांती वजा, आणि एका खाटेमागे लागणारा वेळ, त्याने भागलं तर उत्तर आलं बारा. एका माणसाकडे बारा खाटा. बहात्तर खाटांना सहा माणसं. म्हणजे आज जी कमतरता म्हणून सगळे रडत होते, तीच आता प्रमाण म्हणून भिंतीवर लागणार होती, तीही कामगारांच्या सहीने.

गंमत अशी की सगळ्यात जास्त चेहरा पडला होता तो साहेबांचा. त्याने मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं की आकडा नऊच्या आसपास येईल, तयारी ठेवा. नऊ आला असता तर त्यालाही हवाच होता. दर महिन्याला नवीन माणसं शोधून, शिकवून, निरोप देऊन तोही थकला होता. तो म्हणाला, मी नवाची अपेक्षा केली होती, तुम्ही मला बारा दिले. तुमच्या माणसांनी सही करून दिलेल्यापेक्षा कमी मी कोणत्या तोंडाने मागू? मग तो तक्त्यावर बोट फिरवत म्हणाला की सगळ्यात मोठा फरक अंघोळीने पडलाय, आणि अंघोळीत मावशींच्या आकड्याने. हे दाखवताना त्याच्या आवाजात आदर होता, म्हणून ते जास्त लागलं.

शेवटी त्याने आठ दिवसांची मुदत दिली. या वेळात काम पूर्ण होत नाही असं जर कोणाला वाटत असेल तर काय राहून जातं ते सांगा, आणि ते लेखी द्या, स्वतःच्या नावाने. त्याशिवाय सही केलेला आकडा खोडता येणार नाही. लेखी द्या म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं. मी काम अर्धवट करते असं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, आणि तो कागद मालकांकडे जाणार.

त्या आठवड्यात वादळला कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही, फक्त टोमणे मारले. डबा खायच्या खोलीत तिला आधी जागा करून द्यायचे, बसा, तुमचा वेळ मौल्यवान. एकीने विचारलं, मावशी, बारा खाटा तुमच्या साडेआठपर्यंत होतील ना, मग उरलेल्या आमच्याकडच्या घ्याल का. पैलवान तेवढा बोलला नाही, कारण त्यानेही आपल्या पायावर तोच धोंडा पाडून घेतला होता आणि वर कमरेवरही. सेक्रेटरीने एकदाच, चादरींची गाठोडी बांधता बांधता, म्हटलं, "अगं, मी रोजच्यासारखं म्हटलं होतं." वादळने उत्तर दिलं की रोजच्यासारखंच केलं, दीड मिनिट काय ते इकडे तिकडे. आणि हे बोलल्यावर तिलाच जरा कसंतरी झालं, कारण ते खरं होतं.

घरी ती तेच घोळवत राहिली. वेगात करते म्हणजे अर्धवट करते का? बावीस वर्षं कोणी नाव ठेवलं नाही, कोणी घसरून पडलं नाही, कोणाच्या अंगाला वास नाही. मग राहतं काय? ड्रायव्हर म्हणाला, "हं."

शुक्रवारी सकाळी तिला उठायला पाच मिनिटं उशीर झाला आणि खांदा नेहमीपेक्षा जास्त धरला होता. ड्रायव्हर कंगवा घेऊन आला. तिने सुरुवातच टिपेला केली. सव्वीस वर्षं बस चालवली आणि एकदाही वेळेवर पोचला नाहीत, आज तरी पोचवा. मी नऊ मिनिटांत आख्खा माणूस धुऊन काढते, तुम्हाला एक बाही चढवता येत नाही. आटपा लवकर.

आता हा माणूस कधी चिडत नाही, पण त्या दिवशी त्याचा चहासुद्धा झालेला नव्हता. तो म्हणाला, बरं, आज तुझ्यासारखं. त्याने कंगवा वरून खाली एका दमात ओढला, केस मुठीत धरून पीळ घातला, पिना खोचल्या, तिचा उजवा हात मनगटाला धरून वर केला आणि बाहीत घातला.

ती ओरडलीसुद्धा नाही. डोळ्यांतून पाणी आलं आणि ती खाटेच्या कडेवर तशीच बसली, अर्धी बाही आत, अर्धी बाहेर. ड्रायव्हर कंगवा हातात धरून उभा. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"दुखलं?"

"नाही."

"तूच म्हणालीस लवकर."

"हो," ती म्हणाली. मग विचारलं, "किती मिनिटं झाली?"

त्याने घड्याळ बघितलं. चार.

घड्याळ समोरच होतं, तिने स्वतः बघितलं नव्हतं. ती बसून होती आणि तिच्या डोक्यात खाट सातचा उजवा हात होता. मास्तरांचाही उजवाच. तो ती मनगटाला धरूनच वर करते, कारण कोपराखाली हात घालून सावकाश करायला एक मिनिट जास्त लागतं. मास्तर काही म्हणत नाहीत. म्हणजे म्हणायला सुरुवात करतात, आणि तेवढ्यात झालेलं असतं. ड्रायव्हरने तिची बाही काढली आणि पुन्हा घातली, या वेळी त्याच्या पद्धतीने. बस चुकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती जिना चालत उतरली. शिंप्याने दुकानातून मान बाहेर काढून विचारलं, कोणी गेलं का.

त्या दिवशी तिने मास्तरांना शेवटी ठेवलं, बाकीचे अकरा झाल्यावर. मनात म्हटलं, आज घड्याळ नाही बघायचं, होईल ते होईल. कोपराखाली हात घालून त्यांना उठवलं. न्हाणीघरात नेलं. तोंड धुवायचं फडकं ती नेहमीसारखं चालवायला गेली, तर मास्तरांनी डावा हात पुढे केला. तो हात ते रोजच पुढे करायचे, तिला वाटायचं झटका येतो. आज तिने फडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी स्वतःचं तोंड धुतलं. कपाळ, नाक, कानामागे, मानेखाली, शाळेत पोरांना शिकवतात तसं क्रमाने. किती वेळ गेला कोण जाणे, तिच्या खांद्याला तेवढीच उसंत. मग त्यांनी तोंड उघडलं.

"पाणी..."

तिच्या जिभेवर झालंच मास्तर आलं होतं. ते तिने गिळलं. नळ चालू होता, बाहेर जेवणाच्या गाडीचा खडखडाट सुरू झाला होता, कोणीतरी मावशी मावशी करत होतं. ती पाण्याचा मग हातात धरून उभी राहिली.

"...गार," मास्तर म्हणाले. थांबले. ओठ हलत राहिले. "गार... असतं. रोज."

तिने नळाखाली हात धरला. गार कसलं, तिला वाटलं, आत्ता तर चांगलं कढत आहे. आणि मग तिच्या लक्षात आलं की आत्ता कढत आहे, कारण आत्ता नळ सुटून चार-पाच मिनिटं झालीत. नळ दर वेळी नव्याने सोडला की गरम पाणी टाकीपासून या मजल्यापर्यंत पोचायला तीन मिनिटं लागतात. सगळ्यांना माहीत होतं. तिला तर सगळ्यांत जास्त. त्या तीन मिनिटांत तिची अर्धी अंघोळ झालेली असायची. तीन वर्षं, रोज सकाळी, अर्धं अंग चालत नसलेल्या माणसाच्या डोक्यावर पहिले चार मग गार. आणि तो माणूस तीन वर्षं हे एकच वाक्य पुरं करायच्या खटपटीत होता.

"सांगायचं नाही का मास्तर," ती म्हणाली, आणि स्वतःच गप्प झाली.

त्या अंघोळीला किती मिनिटं लागली ते कळायला मार्ग नाही. जेवणाची गाडी निघून गेली, मास्तरांचं सूप थंड झालं, दोन खाटांवरून तक्रार आली. वेळ सगळीकडून अपुरा पडला आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती भिंतीला टेकून बसली ती ड्रायव्हरने ताट आणून पुढे ठेवेपर्यंत. रविवारी दुपारी तिने कागद घेतला. लिहायची सवय नव्हती, हातही धड उचलत नव्हता. ती सांगत गेली, ड्रायव्हर लिहीत गेला, त्याच्या वेगाने, त्यामुळे प्रत्येक वाक्य तिला दोनदा ऐकावं लागलं.

समितीत तिने तो कागद स्वतः वाचला. पहिले चार मग गार पाणी. बोटांच्या बेचक्यांत पुसत नाही. हात मनगटाने उचलते. ज्यांना स्वतःचं तोंड धुता येतं त्यांचंही मीच धुते, कारण ते हळू धुतात. कोणी बोलायला लागलं तर वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. एवढं सोडलं तर साडेनऊ मिनिटं बरोबर आहेत.

सेक्रेटरीने तिचा दंड धरला. अगं, हे मालकांकडे जाणार आहे, नाव काढून दे, आम्ही तोंडी मांडतो. वादळ म्हणाली, आकड्याखाली नाव माझं आहे, तर याच्याखाली दुसऱ्या कोणाचं कसं लावू.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. नियमाप्रमाणे यावर मला कारवाई करावी लागेल मावशी, तो म्हणाला, पण म्हणताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तेव्हा सेक्रेटरी उठली. "साहेब, गरम पाण्याला तीन मिनिटं लागतात ही तक्रार मी चार वर्षांपूर्वी लिहून दिली आहे. तुमच्या खालच्या कप्प्यात असेल." साहेब उठून टेबलाशी गेला, खालचा कप्पा ओढला, बराच वेळ धुंडाळला, आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आला. तो त्याने वादळच्या कागदाशेजारी ठेवला, दोन्हींच्या कडा जुळवून, कारण तो तक्त्यांचा माणूस. मग नवीन कागद घेऊन लिहिलं: पाणी गार येतं, जबाबदारी व्यवस्थापनाची. पाणी गरम होईपर्यंत थांबलं जात नाही, जबाबदारी कामगारांची. खाली स्वतःची सही केली आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

"आता परत मोजू," तो म्हणाला. "या वेळी घड्याळ खिशात ठेवून."

परत मोजायला तीन आठवडे गेले, कारण मध्ये दोघी आजारी पडल्या. पैलवान दुसऱ्या माणसासाठी सहा मिनिटं थांबायला शिकला, आणि थांबताना काय करायचं ते न कळून आजोबांशी पत्त्यांवरून भांडायला शिकला. मास्तरांची अंघोळ एकवीस मिनिटं निघाली. एकूण भागाकार आठाच्या थोडा वर आला. मालकांनी बरेच दिवस घेऊन नऊ मान्य केले, पाळीला आठ माणसं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. आठ मागितले होते, बारा पदरात पडत होते, नऊ मिळाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे इतके दमले होते की सेक्रेटरीने बातमी सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला तो म्हणजे, मग उद्या कोण कोण येणार आहे.

ज्या टपालाने नवाचा कागद आला, त्याच टपालाने वादळला समजपत्र आलं. सेवेतील कसुरीची गंभीर दखल, पुन्हा घडल्यास वगैरे. बावीस वर्षांतलं पहिलं. सेक्रेटरी त्यावर लढायला निघाली होती, वादळने तिला बसवलं. ड्रायव्हरने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, अक्षर चांगलं आहे.

नवीन माणसं अजून सगळी आलेली नाहीत. सध्या कोणाकडे दहा खाटा आहेत, सोमवारी अकराही होतात, मग सेक्रेटरी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवते आणि साहेब बाह्या सरसावून चादरी बदलायला येतो. आता त्याच्या पाच होतात. पाण्याच्या नळाचं काम मंजूर झालंय, प्लंबर येऊन बघून गेलाय, आणि बघून जाण्यात तो तरबेज दिसतो. खांदा आहे तसाच आहे. सकाळी ती घड्याळाकडे पाठ करून बसते. ड्रायव्हर मात्र सव्वीस वर्षांच्या सवयीने "झालंच" म्हणतो आणि वेळ लावतो तेवढाच.

परवा तिने मास्तरांना न्हाणीघरात नेलं, नळ सोडला आणि तीन मिनिटं स्टुलावर बसून राहिली. हे स्टूल पूर्वी बादली ठेवायला असायचं. पाणी कढत आलं. मास्तरांनी तोंड धुतलं, मान धुतली, फडकं परत दिलं, आणि तोंड उघडलं.

"साबण..."

ती हसली नाही, तेवढा जीव राहिलेला नव्हता तिच्यात. तीन वर्षांचं साठलंय या माणसाचं, तिच्या मनात आलं. आज साबण, उद्या टॉवेल, मग सूप, मग तिचे हात, एकेक करून सगळं बाहेर निघणार. तिने नळ बंद केला, स्टूल जरा पुढे ओढलं, उजवा हात मांडीवर ठेवला, आणि पुढच्या शब्दाची वाट बघत बसली.